गच्चीवरचा सेन्सर गप्प का बसतो?

जून लागला की आपल्या बेळगावात दोन प्रश्न घरोघरी ऐकू येतात. 'आपल्याकडं पाऊस किती झाला?' आणि 'खानापूरकडं किती?' दोन्हींची उत्तरं वेगळी असतात, कारण सह्याद्रीकडं जावं तसा पाऊस वाढत जातो. पंचवीस-तीस किलोमीटरवर चित्र बदलतं. त्यामुळं आपल्याच गच्चीवरचा आकडा हवा असं वाटतं आणि घरात वायरलेस वेदर स्टेशन येतं. वर सेन्सर, खाली दिवाणखान्यात डिस्प्ले. मात्र ऐन पावसात डिस्प्लेवर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसू लागतात. मग त्याच्याकडं कुणी बघेनासं होतं.

खरं तर बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. गच्चीवरचा सेन्सर ठरावीक सेकंदांनी रेडिओ संदेश सोडतो आणि डिस्प्ले तो ऐकतो. स्वस्त मॉडेलांत संदेश पोहोचला की नाही, हे सेन्सरला कळतच नाही. एखादा संदेश हुकला तर डिस्प्ले जुनाच आकडा दाखवत राहतो. ओळीनं बरेच हुकले की रेघा येतात. म्हणजे सांगणाऱ्याचा आवाज बसलाय, किंवा मध्ये काहीतरी आडवं आलंय.

आधी सेन्सर खाली आणा

यातलं नेमकं काय ते एका चाचणीत कळतं. सेन्सर खाली आणून डिस्प्लेपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. अगदी चिकटून ठेवू नका, तेवढ्या जवळून कधीकधी संदेश नीट उचलला जात नाही. तास-दोन तास आकडे नीट येत राहिले तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष वाटेत आहे. इथंही रेघा आल्या तर आधी सेल बघा. विजा कडाडत असताना मात्र गच्चीवर जायचं नाही. वळवाच्या दिवसांत हे घरातल्या लहानांना नक्की सांगा.

सेल

साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तर रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो. काही सेन्सरना तेवढा फरकही सोसत नाही. थंडीत पहाटे रेघा आणि ऊन चढल्यावर आकडे, असं होत असेल तर सेल उतरलेत असं समजा. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. टोकांवर हिरवट-पांढरा थर आला असेल तर घासून, पुसून कोरडं करा. सोलर पॅनेल असलं तरी जुलैतल्या झाकोळलेल्या आठवड्यांत ते पुरं पडेलच असं नाही.

सेल बदलल्यावर काही मॉडेलांत सेन्सर नवी ओळख घेतो आणि डिस्प्लेला तो पुन्हा शोधायला लावावा लागतो. आधी सेन्सरमध्ये सेल घालायचे की डिस्प्लेमध्ये, हे माहितीपुस्तिकेत बघा.

वाट

खोक्यावर लिहिलेले शंभर मीटर मोकळ्या मैदानातले असतात. आपल्या घरात मध्ये सळयांचा स्लॅब, पत्रे, लोखंडी ग्रिल आणि पाण्यानं भरलेली टाकी असते. धातू आणि पाणी दोन्ही रेडिओ लहरींना अडवतात. सेन्सरचा खांब हलवण्याआधी डिस्प्ले हलवून बघा. खिडकीशी दोन हात सरकवल्यानंही काम होतं.

रोज संध्याकाळी दिवे लागल्यावरच रेघा येत असतील तर स्वस्त एलईडी दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्या. एकेक बंद करून बघा. डिस्प्लेवर आकडे आहेत, पण मोबाइलवर नाहीत, असं असेल तर सेन्सरला हात लावू नका. तिथं दोष वाय-फायचा. अशी बरीच यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात.

खोटा आकडा

रेघ निदान प्रामाणिक असते. मुसळधार पावसात डिस्प्ले 'शून्य' म्हणतो, ते जास्त धोक्याचं. पर्जन्यमापकात तराजूसारखी हलणारी छोटी वाटी असते. साधारण ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पाऊस साठला की ती कलते आणि एक ठोका मोजला जातो. कोळ्याचं जाळं, पाला किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की वाटी हलत नाही. पावसाआधी आणि दर महिन्याला ती साफ करा.

मोजमाप तपासायला गणित सोपं आहे. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ जेवढे चौरस सेंटिमीटर, तेवढे मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. तोंडाचा व्यास ११ सेंटिमीटर असेल तर ९५ मिलिलिटर. कोरड्या दिवशी तेवढं पाणी अर्ध्या तासात थेंबथेंब सोडा. ९ ते ११ आलं तर ठीक. त्या दिवसाच्या नोंदीतून हा पाऊस वजा करायला विसरू नका!

तापमानाचा सेन्सर तापलेल्या स्लॅबला किंवा पत्र्याला लागून असेल तर तो हवेचं नाही, स्लॅबचं तापमान सांगेल. आणि आपला पाऊस हवामान खात्याशी जुळला नाही तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. खातं सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा दिवस धरतं. आपला डिस्प्ले बहुधा मध्यरात्री शून्यावर येतो.

वही ठेवा

एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. ज्या दिवशी रेघा होत्या, त्या दिवशी वहीतही रेघच ओढा, अंदाजे आकडा भरू नका. गावाकडून काकांचा फोन येतो, 'रात्री किती झाला रे? आज फवारणी करू का?' तेव्हा 'माहीत नाही' हे उत्तर चालतं. चुकीच्या शून्यावर मात्र त्यांचं औषधही वाया जातं आणि दिवसही.