कढईपाशी अडलेली रांग

संध्याकाळचे सात. स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर तुमच्या पुढे १२ माणसं उभी आहेत. गाडीवर दोघे: एक घाणा काढतोय, दुसरा पाव भरतोय. भरणाऱ्याचा हात बघत राहावा असा चालतो. सुरी, लसणाची चटणी, वडा, मिरची, कागद. एका वडापावला समजा १० सेकंद, म्हणजे मिनिटाला ६. कढईत एका घाण्याला २० वडे बसतात आणि घाणा उतरायला ५ मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला ४.

रांग लांबली की मालकाला वाटतं, पाव भरायला आणखी एक पोरगा ठेवावा. ठेवला तरी वडापाव मिनिटाला ४च निघणार. गाडी अडलीय ती कढईपाशी. नव्या पोराचा पगार सुरू होईल, रांग मात्र तसूभरही पुढे सरकणार नाही. तेच पैसे मोठ्या कढईत घातले तर सरकेल.

आता दुसरी गंमत. गिऱ्हाईक सरासरी २ वडापाव घेतं, म्हणजे मिनिटाला २ गिऱ्हाइकं सुटतात. १२ला २ने भागा: तुमचा नंबर ६ मिनिटांनी. याला लिटलचा नियम म्हणतात. रांगेतली सरासरी माणसं म्हणजे सुटण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. माणसं एकेक येवोत की लोकल लागल्यावर घोळक्यानं येवोत, दीर्घकाळच्या सरासरीला हा नियम लागू पडतो. ओपीडीला, गोदामातल्या खोक्यांना, बंदराबाहेर थांबलेल्या जहाजांनाही तोच. एवढ्याशा गुणाकारात इतकं जग मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

हे शिकायला आता फी लागत नाही. व्हॉर्टन स्कूलचे ख्रिश्चन टेरविश यांनी ऑनलाइन कोर्समध्ये सँडविचच्या दुकानात घड्याळ लावून हेच मोजून दाखवलं. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीचं एनपीटीईएल आहे, २०१७ पासून ‘स्वयम्’ आहे. प्रश्न पैशाचा उरलेला नाही, वेळेचा आहे. एनपीटीईएलचा १२ आठवड्यांचा कोर्स म्हणजे सुमारे ३० तासांची व्याख्यानं, गृहपाठ वेगळा. नोकरी करणाऱ्याचे हे कित्येक रविवार झाले.

मग कोर्स चांगला आहे हे ओळखायचं कसं? बहुतेक जण पहिलं व्याख्यान ऐकतात, ‘छान समजतंय’ वाटलं की पुढे जातात. इथेच मन आपल्याला फसवतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवून लिहून काढला. ५ मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानं उलटं झालं: वाचणाऱ्यांना ४० टक्के, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि ‘आठवड्यानंतरही आपल्या चांगलं लक्षात राहील’ असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता!

गोड बोलणारा प्राध्यापक, सुबक ॲनिमेशन, मान डोलावत ऐकलेला तास यांवरून म्हणूनच काही ठरत नाही. मी आधी गृहपाठ उघडते. नाव नोंदवून थेट दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या प्रश्नांवर जाते. ‘अडथळा म्हणजे काय?’ असं विचारून चार पर्याय दिले असतील तर ती पाठांतराची परीक्षा. ‘कढई अशी, हात इतके, तासाला किती निघतील? मोठी कढई कितीत वसूल होईल?’ असं विचारलं असेल तर तिथे तुमचे तास सत्कारणी लागतील. काही ठिकाणी व्हिडिओ फुकट आणि गृहपाठाला कुलूप असतं. ज्यानं शिकणं घडतं तेच पैशाआड ठेवलेलं असतं. अशा कोर्सला मी फुकट म्हणत नाही.

मध्येच सोडावा लागला तर? हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या वर्षीच्या, २०१२-१३च्या मोफत कोर्सना ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रं मिळाली ४३,१९६. २,९२,८५२ नोंदण्या अशा होत्या की त्यांत कोर्सचं पान एकदाही उघडलं गेलं नाही. यावरून लोक आळशी ठरत नाहीत आणि कोर्सही वाईट ठरत नाहीत. कुणाला फक्त लिटलचा नियम हवा असेल, तो मिळाला की त्यानं बाहेर पडावं, खुशाल पडावं. प्रमाणपत्र हवं असेल तर गोष्ट वेगळी. एनपीटीईएलमध्ये त्यासाठी शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे.

निवडलेल्या कोर्सचं एकच व्याख्यान ऐका, वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर जा. आधी रांग मोजा, उत्तर काढा, मग घड्याळ लावा.