वेदीपाशी ठेवलेली भेट

मार्गशीर्ष सरत आला, पहाटेचा गारठा हाडांत शिरू लागला, की ख्रिस्ती वस्तीतील घरांवर कागदी तारे उजळतात आणि नाताळ आल्याची वार्ता आपणांस त्या ताऱ्यांकडून कळते. बेथलेहेमच्या गोठ्यातील बालक, रात्री कळप राखणारे मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष, ही जन्मकथा आता आपल्याकडेही पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. परंतु सण म्हणजे कोणत्याही धर्माचे अंगण. तेथे दिवे असतात, गाणी असतात, पाहुण्यांचे स्वागत असते. माजघरात काय चालते हे आडवारी गेल्यावाचून कळत नाही. ख्रिस्ती कुटुंब आपले पवित्र शास्त्र एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी तिन्हीसांजेला कसे आचरते, याविषयी नाताळच्या निमित्ताने चार शब्द लिहावेत असा मानस आहे.

मला ते माजघर प्रथम दिसले २००३ सालच्या डिसेंबरात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील एका गावी कीर्तनसेवेस गेलो असता एका निवृत्त शिक्षकांकडे मुक्काम पडला. मास्तर ख्रिस्ती, त्यांचे आजोबा ख्रिस्ती कीर्तने करीत असत. वाचकांनी याचे नवल मानू नये. नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच येशूचे चरित्र कीर्तनाच्या घाटात बसविले होते, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी अभंग व पदे यांतून ख्रिस्तभक्तीला अस्सल मराठी वळण दिले. गोव्यात तर त्याच्याही फार पूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून झाले होते. तेव्हा मास्तरांचे आणि माझे गोत्र अगदीच परके नव्हते.

रात्री जेवणापूर्वी घरची मंडळी सतरंजीवर बसली. मास्तरांनी शुभवर्तमानातील एक उतारा वाचला, सूनबाईंनी ‘उपासना संगीत’ उघडून टिळकांचे एक पद म्हटले, आणि मग सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावयास आरंभ केला. त्या प्रार्थनेत एके ठिकाणी मास्तरांचा आवाज थांबला. बाकीचे पुढे गेले, आणि एवढे एक वाक्य सोडून मास्तर पुन्हा त्यांच्यात मिसळले. ठसका लागला असेल, असे मी समजलो. परंतु दुसऱ्या रात्रीही त्याच जागी तोच आवाज थांबला. ज्याचे आयुष्य टाळकऱ्यांचे सूर ऐकण्यात गेले, त्याच्या कानाला हे चुकणे शक्य नव्हते.

ती जागा कोणती, हे समजण्यासाठी प्रार्थनेकडे थोडे पाहिले पाहिजे. येशूने शिष्यांना शिकविलेली ही प्रार्थना अगदी लहान आहे. सावकाश म्हटली तरी एका मिनिटाच्या आत संपते. तीत देहासाठी मागणे एकच, आणि तेही आजच्या दिवसापुरत्या भाकरीचे. त्याच्या लगेच पुढे क्षमेचे मागणे येते. त्याला मात्र एक जोड आहे: आम्ही इतरांना जशी क्षमा केली, तशी आम्हांला मिळावी. मत्तयाच्या ग्रंथात प्रार्थना संपताच येशू भाकरीवर काही बोलत नाही, मोहावरही बोलत नाही. याच एका कलमावर तो परत येतो आणि ते अधिक कठोर करून सांगतो. जो दुसऱ्याला क्षमा करणार नाही, त्याने स्वतःसाठी ती अपेक्षू नये. मास्तरांचा आवाज थांबत होता तो येथे.

संस्कृताच्या अभ्यासकाला या ठिकाणी आणखी एका शब्दापाशी रेंगाळावेसे वाटते. मूळ ग्रीकात लूक येथे ‘पाप’ या अर्थाचा शब्द योजतो, तर मत्तयाचा शब्द सरळ हिशेबाच्या वहीतला, ‘ऋण’ या अर्थाचा आहे. ऋण म्हटले की आपणांस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण आठवते. मी कोणाकोणाचे देणे लागतो, याची ती मोजणी. मत्तयाच्या प्रार्थनेत ते देणे आहेच, पण वही उलटून दुसरे पानही दाखविले आहे: तुझे कोणाकडे काय येणे आहे, आणि ते तू सोडावयास तयार आहेस काय?

याच विषयावर येशूने सांगितलेला एक दृष्टांत आहे. आपल्या भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे पेत्राने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की सात कशाला, सातांना सत्तरांनी गुण. मग कथा आली. राजाच्या एका चाकराकडे दहा हजार तालान्त येणे होते. त्या काळी एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी, आणि एका तालान्ताचे दीनार होत सुमारे सहा हजार. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. एका माणसाला ते फेडावयास एक लाख साठ हजारांहून अधिक वर्षे लागावीत! राजाने ते सारे सोडले. बाहेर पडताच त्याच चाकराने आपल्या सोबत्याचा गळा धरला, कारण त्याच्याकडे शंभर दीनार येणे होते. पुष्कळ प्रवचनकार हे शंभर दीनार क्षुल्लक म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे गरिबाच्या संसारातील तीन महिन्यांहून अधिक काळाचे धान्य. येणे खरे होते, रक्कम जाणवणारी होती, आणि म्हणूनच दृष्टांताला धार आहे. तुझे काही गेलेच नाही असे येशू म्हणत नाही. गेले ते गेले, हे धरून मग तो क्षमेची गोष्ट काढतो.

डोंगरावरील प्रवचनात तर तो याहून पुढे जातो. वेदीपाशी भेट अर्पण करावयास तू उभा आहेस आणि तेथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही सल आहे, तर ती भेट तशीच ठेवून जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन ती अर्पण कर, असा त्याचा आदेश आहे. ऐकणारे लोक गालीलातले, शेती आणि मासेमारी करणारे. वेदी यरुशलेमच्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांच्या अंतरावर. एवढी वाट तुडवून यात्रेकरू मंदिरी पोचला, अर्पणाची वस्तू हाती आहे, आणि आता ती तेथेच टाकून पुन्हा गालीलास जावयाचे, भावाचे दार ठोठवावयाचे आणि परत यावयाचे! कोणत्याही क्षेत्रस्थाला हे ऐकून पूजा खोळंबल्याची चिंता पडेल. यातील बारकावा असा की, येथे सल भावाच्या मनात आहे. माझे त्याच्याकडे काय येणे आहे, हा प्रश्नच काढलेला नाही.

ख्रिस्ती उपासनेत या आदेशाला घट्ट जागा मिळाली. कॅथलिक मंडळींच्या मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी शेजारच्याला शांतीचे अभिवादन करतात. नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन बहुधा महिन्याच्या पहिल्या रविवारी असते, आणि भाकर व पेला घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपली परीक्षा करावी अशी शिकवण आहे. ती पौलाची. करिंथ नगरातील मंडळीला लिहिलेल्या पत्रात ती येते आणि तिचे कारण मोठे लौकिक आहे. करिंथचे सुखवस्तू लोक भोजनाला लवकर येऊन खाऊनपिऊन तृप्त होत, आणि काबाडकष्ट उरकून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना फटकारले की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजविता, तेव्हा हे प्रभूचे भोजनच नव्हे. याकोबाचे पत्रही असेच रोखठोक आहे. अंगठी घातलेल्या श्रीमंताला चांगले आसन आणि फाटक्या वस्त्राच्या माणसाला पायांशी जागा, असे कराल तर तो पक्षपात आहे, असे तो सांगतो.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांनी हे पत्र शतकानुशतके वाचले आणि तरीही कित्येक ठिकाणी जातीची आसने देवळात राहिली, दफनभूमीतही राहिली. शास्त्र वाचले म्हणजे आचरले असे होत नाही, हे आम्हां पोथी सांगणाऱ्यांना कोणी वेगळे समजावयास नको. मात्र उलट उदाहरणेही आपल्याच मातीतली आहेत. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. परंतु त्याच्या आधीच, कोणी आग्रह केला म्हणून नव्हे तर आपल्या मनाशी विचार करून, त्यांनी सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीचा विटाळ टाकून दिला होता. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ही मानसिक उलथापालथ ठाऊक आहेच. दुष्काळातील अनाथ मुले या दांपत्याच्या घरात वाढली, आणि १९१७ साली टिळकांनी मिशनच्या वेतनाचा आधारही सोडला. आजच्या भाकरीपुरतेच मागणारी ती प्रार्थना त्यांनी अक्षरशः घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) केडगाव हे असेच दुसरे स्थळ. पुराणे सांगत देशभर पायी फिरलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल अशा मराठीत उतरविले की खेड्यातील सामान्य बाईला ते उमगावे. मुक्ती सदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापण्याचे काम केले. दुष्काळात रस्त्यावर टाकल्या गेलेल्या मुलींच्या हाती शास्त्राची पाने पडली ती अशी, वाचण्याआधी छापण्यासाठी. विद्वत्तेचा याहून वेगळा विनियोग माझ्या पाहण्यात फारसा नाही.

शेतकरी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या करारात इस्राएलांना अशी आज्ञा आहे की पीक कापताना शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत आणि पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबांची आणि परक्यांची. खाली राहिलेल्या या कणसांना आपल्याकडे ‘सरवा’ म्हणतात. परदेशातून आलेली विधवा रूथ सासूचे पोट भरण्यासाठी बवाजाच्या शेतात असा सरवा वेचावयास गेली, आणि बवाजाने आपल्या गड्यांना सांगून तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून कणसे पाडविली. देणाऱ्याने दिले, पण घेणारीला हात पसरावा लागला नाही. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला आणि मत्तयाने येशूची वंशावळ देताना तिचे नाव आवर्जून घेतले. मास्तरांच्या घरची चाल अशी की ज्वारीची काढणी झाली की बांधालगतच्या दोन ओळी तशाच ठेवावयाच्या. कोण नेते ते पाहावयाचे नाही. डाव्या हाताला उजव्याचे दान कळू नये, हा धडा त्यांनी असा पाळला होता.

असे हे मास्तर, मग प्रार्थनेत का अडखळत होते? तिसऱ्या दिवशी मी विचारलेच. चुलतभावाशी सामाईक विहीर होती. मोटार जळाली, ती भरून आणण्याचा खर्च मास्तरांनी एकट्याने केला, आणि चुलतभाऊ आपला अर्धा वाटा देईना. वर पाणी कमी पडलेले वर्ष. तो पाळी सोडून रात्री पाणीही घेऊ लागला. “येणे खरे आहे, बुवा,” मास्तर म्हणाले, “माझ्याजवळ पावती आहे.” आठ महिने झाले, ते प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राहत. पाळकांनी मनाई केली नव्हती. त्यांनीच स्वतःला केली होती.

“पण पावतीने अडलेले नाही,” ते थोड्या वेळाने म्हणाले. “मी त्याला चावडीवर दहा जणांत चोर म्हटले. ते त्याच्या मनात आहे. मी क्षमा करायची म्हणून बसलो आहे, आणि मागायची आहे ती मलाच.”

मी काय बोलणार! दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघालो.

पुढल्या वर्षी त्याच गावी पुन्हा सेवा ठरली. मास्तरांच्या पत्नीने पाण्याचा तांब्या ठेवता ठेवताच सांगितले, “गेले होते हो. दोनदा.” पहिल्या खेपेस चुलतभाऊ घरात असून नाही म्हणून निरोप आला. दुसऱ्यांदा ते नाताळच्या आदल्या संध्याकाळी गेले. पैशांचे नाव काढले नाही. दहा जणांत बोललो ते चुकले, एवढे म्हटले. चुलतभाऊ बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि मग आत वळून चहा टाकावयास सांगितले.

“आणि मोटारीचे पैसे?” मी मास्तरांना विचारले.

“निम्मे आले,” ते हसून म्हणाले. “पण पाळी त्याने बदलून घेतली. आता माझे पाणी रात्री दोनला असते. क्षमा केली ती केली, बुवा. पण या थंडीत दोनला उठून दारे धरायची म्हणजे दर वेळी नव्याने करावी लागते.”

एवढे बोलून ते बॅटरी शोधावयास उठले. त्या रात्री पाळी त्यांचीच होती.