डिझेल तोंडाने ओढू नका!

पावसाळा सुरू झाला की आमच्या सरकारी रुग्णालयात ताप, जुलाब आणि सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. त्या गर्दीत गेल्या जुलैमध्ये एक वेगळा रुग्ण आला. एका मैदानावर माळीकाम करणारे गृहस्थ, वय चाळिशीचं. अंगात ताप, खोकला थांबत नव्हता, धाप लागली होती आणि श्वासाला डिझेलचा वास होता.

आदल्या दिवशी त्यांनी गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं होतं. उन्हाळाभर शेडमध्ये पडून असल्याने त्याचं छोटं डिझेल इंजिन सुरू होईना. टाकीतलं जुनं डिझेल काढायला त्यांनी नळी टाकली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. घोट आला, ठसका लागला. थुंकून चूळ भरली आणि ते पुन्हा कामाला लागले.

"डॉक्टरसाहेब, पोटात थेंबही गेला नाही, सगळं थुंकून टाकलं," ते सारखं सांगत होते.

"पोटात गेलं असतं तर मला एवढी काळजी नव्हती," मी म्हटलं. "ते छातीत गेलंय."

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. डिझेल आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. पण ते पातळ असतं आणि झटकन पसरतं. ठसका लागला त्याच क्षणी ते श्वासनलिकेत उतरतं. आपल्या फुप्फुसातल्या कोट्यवधी हवेच्या पिशव्यांना आतून एक पातळ थर असतो. त्यामुळे त्या मिटत नाहीत. डिझेल हा थर बिघडवतं. पिशव्या मिटतात, सूज येते, पाणी भरतं. त्याला चमचाभर डिझेलही पुरतं. यावर उतारा नाही. ऑक्सिजन देणं आणि फुप्फुस सावरेपर्यंत वाट पाहणं, एवढंच आमच्या हातात असतं. सुरुवातीचा एक्स-रे कधी कधी स्वच्छ दिसतो आणि त्रास काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही वाढतो. म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर विसंबू नये.

असं कुणाचं झालं तर उलटी मुळीच करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काहीही पाजू नका. उलटीबरोबर डिझेल पुन्हा वर येतं आणि छातीत जाण्याची दुसरी संधी साधतं. चूळ भरू द्या, डिझेल सांडलेले कपडे बदला, अंग साबणाने धुवा. ठसका लागला असेल किंवा खोकला येत असेल तर लगेच रुग्णालय गाठा. धाप असेल तर १०८ ला फोन करा.

खरं तर ही वेळ येऊच नये. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून अशा इंजिनाला स्वच्छ डिझेल लागतं आणि नळीत हवेचा बुडबुडा चालत नाही. महिनोन् महिने पडून राहिलेल्या टाकीत पाणी आणि गाळ साठतो. तो काढायला टाकीखाली किंवा फिल्टरखाली बोल्ट असेल तर तो सैल करून डिझेल डब्यात घ्यावं. नसेल तर हाताने दाबायचा पंप वापरावा. तो फार महाग नसतो. फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याचा स्क्रू सैल करून इंजिनावरचा छोटा हातपंप मारावा. बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट करावा. सीझन संपताना टाकी भरून ठेवली तर आत दमट हवेला जागा कमी राहते आणि पाणीही कमी साठतं.

दुसरी वाईट सवय नोझलची. फवारा येतो का, हे बोट धरून पाहणारे मी पाहिले आहेत. नोझलमधून डिझेल हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक जोराने सुटतं. ते कातडी भेदून थेट आत जातं. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र बोटाचा रक्तपुरवठा बंद पडू लागतो. अशी जखम 'किरकोळ' समजून घरी बसू नका. त्याच दिवशी, खरं तर काही तासांतच, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर बोट कापावं लागतं. गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

तिसरी गोष्ट पात्यांची. पाती साफ करण्यापूर्वी इंजिन बंद करा, चावी काढा आणि बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवा. यंत्र नुसतं जॅकवर उचलून खाली हात घालू नका, लाकडी ओंडक्यांचा आधार द्या. एकाच पट्ट्यावर चालणारी दोन-तीन पाती असतील तर एक फिरवलं की दुसरंही फिरतं. बोटं तिथेच अडकतात.

आणि धुराकडे लक्ष ठेवा. आम्ही जसा रुग्णाचा बेडका पाहतो तसा. काळा धूर आला तर बहुतेकदा एअर फिल्टर धुळीने चोंदलेला असतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांमध्ये केली आहे. तेव्हा बंद शेडमध्ये इंजिन चालवून पाहू नका. फिल्टर वेळेवर साफ केलात तर इंजिनाइतकीच तुमची छातीही वाचते. कामानंतर हात डिझेलने नव्हे, साबणाने धुवा आणि काळ्या ऑइलचं फडकं खिशात ठेवू नका.

आमचे माळीदादा नऊ दिवसांनी घरी गेले. महिन्याने तपासणीला आले तेव्हा छाती स्वच्छ होती. मी न विचारताच म्हणाले, "साहेब, पंप आणलाय. शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. आणि ती जुनी नळी कापून टाकली."