मोडाच्या नागलीची न्याहारी

झरीकडील वरकस जमिनींत नागली जुनीच. १९४५ सालीं ह्या गांवीं वारल्यांनी वेठ नाकारण्याचा निश्चय केला. तोंवर स्वतःच्या शेताआधीं जमीनदाराचें शेत उरकावें लागे.

नागलीच्या पिठाची पेज लवकर दाटते. मुलांकरितां ती पातळ करावी, तर चिमुकलें पोट पाण्यानेंच भरतें. ह्यावर उपाय मोडांचा. निवडलेली नागली रात्रभर भिजवून ओल्या फडक्यांत बांधावी. खडे वेंचणें, फडकें शिंपडणें हीं कामें मुलांची. मोड पाहण्याची हौस त्यांस असतेच! मोड येतांच नागली सावलींत वाळवावी, किंचित् भाजून दळावी. मोडांतील पाचक द्रव्य पिष्ट फोडून त्याची कांहीं साखर करितें. म्हणून अधिक पीठ घालूनही पेज पातळ राहते व गोडसर लागते. भाजतांना आंच मंदच हवी. अति तापल्यास तें द्रव्य नष्ट होतें.