दारू एकाएकी सुटते तेव्हा



दारूचे दुष्परिणाम म्हटले की यकृताचा विषय प्रथम निघतो, आणि तो योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली मद्यपानामुळे जगात सुमारे २६ लाख माणसे दगावली. परंतु परिचारिका म्हणून ज्या धोक्याची मला सर्वांत अधिक धास्ती वाटे, त्याविषयी आपल्यात कोणी बोलत नाही. तो धोका नित्याची दारू एकाएकी बंद होण्याचा आहे.

सत्तरीचे गृहस्थ पडतात, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया होते. दारू घेतात काय, असे आम्ही विचारतो. पत्नी म्हणते, "छे, किद्दुशपुरती." मुलगा खाली पाहतो. तिसऱ्या रात्री गृहस्थांना भिंतीवर मुंग्या दिसू लागतात, सलाईनची सुई ते उपसून टाकतात. घरच्यांना वाटते, भूल मानवली नाही. असे प्रसंग मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले.

दारू मेंदूला मंदावते. रोजच्या दारूला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारावर दोन्ही बाजूंनी दोघे जोर लावीत असताना एकाने अंग काढून घेतले, तर दुसरा तोंडघशी पडतो, तसेच हे. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना ताप आणि भ्रम होतो. त्यास डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास त्यात मृत्यूही ओढवतो.

आता योम किप्पूरचा विचार करा. आपल्या आजीच्या भाषेत दारफळणीचा सण. उपास २५ तासांचा. रोज पिणाऱ्याचे हात नेमके त्याच वेळी कापू लागतात आणि आपण म्हणतो, उपास सोसवत नाही. अशा माणसाने सणापूर्वीच कुपात होलीमच्या डॉक्टरांना भेटावे. बाटल्या फोडून किंवा खोलीत कोंडून दारू सोडविण्याचा पराक्रम घरी करू नये.

उपचार आहेत. शामक औषधे मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देतात. त्याच्या तीव्र अभावी स्मृती कायमची जाऊ शकते. मात्र किती पितात, किती वर्षे आणि शेवटचा पेला केव्हा घेतला, हे परिचारिकेला पहिल्याच दिवशी खरे सांगावे लागते. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल, तर तिला बाजूला बोलावून सांगा. ही माहिती ती शेजारपाजारी सांगत नाही. आमच्या शिक्षणातला तो पहिला धडा.

ज्याने दारू सोडली आहे, त्याच्यापुढे शब्बाथला वाइनचा पेला आग्रहाने धरू नये. कोकणात आपले पूर्वज काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश करीत. द्राक्षरसावरही तोच आशीर्वाद म्हणता येतो.

आकडी आली, तर मागेन दाविद अदोमचा क्रमांक १०१. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि फोनवर दारूविषयी आधी सांगा.