संसर्गापासून गाठीपर्यंत : लिम्फोमा आणि विषाणू

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी लसीकापेशी या महत्त्वाच्या गटाचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. मान, काख किंवा जांघेत आलेली न दुखणारी गाठ ही बहुधा त्याची पहिली खूण असते. लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत कोणताही विषाणू कारणीभूत आढळत नाही. तथापि त्याच्या काही प्रकारांत विषाणूंचा वाटा सिद्ध झाला असून, मानवी कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला पहिला विषाणूही लिम्फोमाच्याच पेशींत सापडला.

युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात शल्यचिकित्सक असलेले डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यांत झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचा अभ्यास १९५७ मध्ये हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मोटारीने हजारो मैल फिरून त्यांनी आफ्रिकेतील कित्येक रुग्णालयांत चौकशी केली, तेव्हा हा रोग उष्ण, पावसाळी आणि कमी उंचीच्या प्रदेशातच आढळतो, हे नकाशावर उमटले. त्याच वर्षी लंडनमध्ये झालेले त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांनी या गाठींत विषाणू शोधण्याचा निश्चय केला. परंतु कंपालाहून विमानाने येणाऱ्या नमुन्यांत बराच काळ काहीच हाती लागले नाही. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोहोचला, तेव्हा त्यातील द्रव गढूळ झालेला होता. नमुना नासला असावा अशी शंका येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तो गढूळपणा गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर नागीण-कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातील एक नवा विषाणू दिसला. एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी १९६४ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली, आणि पुढे तो एप्स्टाइन-बार विषाणू म्हणून ओळखला जाऊ लागला.

खरा पेच मात्र यानंतर उभा राहिला, कारण जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आयुष्यभर वास करतो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना लिम्फोमा होतो. लाळेतून पसरणारा हा विषाणू प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी-पेशींत शिरतो, त्यांना विभाजनास प्रवृत्त करतो आणि मग बहुतेक प्रथिनांची निर्मिती थांबवून दडून बसतो. निरोगी माणसाच्या टी-पेशी त्याला डोके वर काढू देत नाहीत. बर्किट यांच्या नकाशातला पट्टा हा तीव्र मलेरियाचाही पट्टा होता, आणि कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी तेथेच आहे. वारंवार होणाऱ्या मलेरियाने एकीकडे टी-पेशींचा पहारा सैल पडतो, तर दुसरीकडे बी-पेशींचे सतत विभाजन होत राहते. प्रतिपिंडांत वैविध्य आणण्यासाठी बी-पेशी स्वतःच्याच जनुकांत काटछाट करत असतात. त्या कामात चूक होऊन आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्याला जोडला जातो, आणि पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणारे मिक नावाचे जनुक कायमचे चालू राहते. अशी पेशी एरवी आत्मनाशाने संपली असती, पण विषाणूची प्रथिने तिला तगवतात. म्हणून विषाणूला एकट्याला दोषी ठरवणे शास्त्राला धरून होणार नाही.

इतर विषाणूंच्या वाटा वेगळ्या आहेत. जपानच्या नैर्ऋत्य भागात आढळणारा एचटीएलव्ही-१ हा विषाणू टी-पेशींत शिरून अनेक दशकांनी त्यांचा कर्करोग घडवतो. तो आईच्या दुधातून बाळाकडे जातो हे कळल्यावर नागासाकी प्रांतात बाधित मातांना स्तनपान टाळण्याचा सल्ला देण्यात आला आणि संसर्ग पुष्कळ घटला. एचआयव्ही लसीकापेशींना थेट कर्करोगी बनवत नाही, तर प्रतिकारशक्ती खच्ची करून एप्स्टाइन-बारसारख्या विषाणूंना मोकळे रान देतो. हेपटायटिस सी दीर्घकाळ बी-पेशींना चेतवत राहतो. त्याबाबत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले फ्रेंच निरीक्षण विशेष आशादायक आहे : प्लीहेच्या लिम्फोमाचे नऊ बाधित रुग्ण विषाणूविरोधी इंटरफेरॉनवर ठेवले असता सात जणांत विषाणूबरोबर कर्करोगही दिसेनासा झाला, आणि विषाणू नसलेल्या सहा रुग्णांत मात्र त्याच औषधाचा उपयोग झाला नाही.

लिम्फोमा स्वतः संसर्गजन्य नाही. रुग्णाला जवळ घेतल्याने किंवा त्याच्यासोबत जेवल्याने तो कोणाला होत नाही. आपल्याकडे मानेची गाठ क्षयाची समजून, तुकडा न तपासताच महिनोन्महिने औषधे दिली जाण्याचे प्रकार घडतात. अशी गाठ काही आठवडे टिकली, सोबत ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असली, तर तिचा तुकडा काढून तपासणी करण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरावा. आणि निदान लिम्फोमाचे झाल्यास उपचारांपूर्वी एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांच्या चाचण्या संकोच न बाळगता करून घ्याव्यात, कारण उपचारांची दिशा त्यांवरही ठरते.