विश्लेषण : रेकॉर्ड पुन्हा आली, मग गोंदियाची लाख का नाही?

मुंबईत काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा दुकानात जाऊन गाणे विकत घेण्याचे दिवस संपले असेच अनेकांना वाटले. पण तबकडी परतली. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा व्हायनल रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. माहीमचे ‘रिव्हॉल्व्हर क्लब’ असो वा लंडनमधली रेगेची जुनी दुकाने, तिथे ग्राहक पुन्हा खोकी चाळताना दिसतात. या तबकडीचा एक पूर्वज मात्र गोंदियाच्या पळसावर वाढत असे.

तबकडीचा आणि पळसाचा संबंध काय?

व्हायनल येण्याआधी, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळात, रेकॉर्ड लाखेची असे. एमिल बर्लिनरने १८९० च्या दशकात कडक रबर सोडून लाखेचा चपडा वापरायला सुरुवात केली. चपडा तापवला की मऊ होतो, साच्यातली केसासारखी बारीक खाच जशीच्या तशी उचलतो आणि थंड झाला की कडक बनतो. त्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळत. खरे तर वजनात मोठा वाटा भुकटीचाच, पण तिला धरून ठेवण्याचे काम लाखेचे. भुकटीमुळे पोलादी सुई घासली जाई, म्हणून जवळपास प्रत्येक बाजूला सुई बदलावी लागे. घरात ग्रामोफोन असलेल्या आजोबांना सुयांची ती छोटी डबी नक्की आठवेल.

गोंदियात लाख कशी होते?

गोंदियाचे नावच डिंक आणि लाख विकायला येणाऱ्यांवरून पडले, असे सांगितले जाते. धानाच्या बांधांवर आणि जंगलात पळस मुबलक. आषाढाच्या सुमारास बीजलाखेच्या काड्या पळसाच्या कोवळ्या फांद्यांना बांधायच्या. किडे फांदीवर पसरतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ स्रवतात. दिवाळीच्या आसपास निघते ती कतकी. त्यानंतर बांधलेली उन्हाळ्याअखेर निघते ती बैसाखी. हीच मोठी फसल, आणि कडक उन्हात किडे मेले तर हातची जाते तीही हीच. काडीवरची लाख खरवडून, कुटून, धुऊन दाणा करतात. तो वितळवून, गाळून, पातळ पत्र्यासारखा ताणला की चपडा.

गोंदियातही चपड्याचे कारखाने होते. शहर हावडा-मुंबई मार्गावर असल्याने देशातल्या लाखेच्या सर्वांत मोठ्या बाजाराशी, कोलकात्याशी, त्याची थेट गाठ होती. तबकड्या दाबण्याचा कारखानाही तिथेच. १९०८ मध्ये सियालदहला आणि नंतर दमदमला. तबकडीवर कंपनीचे नाव छापले जाई, गायिकेचे छापले जाई. लाख पुरवणाऱ्या मुलखाचे कधी नाही.

मागणी किती मोठी होती?

दुसऱ्या महायुद्धात ती कळून आली. आशियातून येणारी लाख युद्धसामग्रीलाही हवी होती आणि समुद्रमार्ग धोक्यात होता. अमेरिकी सरकारने १९४२ मध्ये रेकॉर्डसाठी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी केला. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, त्या दळून नव्या काढल्या गेल्या.

मग लाख मागे का पडली?

युद्धातल्या टंचाईने पर्यायाचा शोध लांबू दिला नाही. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हायनलची लाँग-प्ले रेकॉर्ड आणली. एका बाजूला तीन-चार मिनिटांऐवजी वीसेक मिनिटे, खरखर कमी, पडली तरी तुकडे नाहीत. जमैकात १९५० च्या दशकातले मेंटो हे लोकसंगीत लाखेच्या तबकड्यांवर निघाले. त्याच बेटावर १९६० च्या दशकाअखेर रेगे जन्मले ते थेट सात इंची व्हायनलवर. भारतात मात्र लाख रेंगाळली. बीटल्सची गाणी १९६० च्या दशकात इथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होती. त्याच तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक मोठी किंमत मोजतात.

नव्या लाटेचा गोंदियाला फायदा?

काहीच नाही. व्हायनल म्हणजे पीव्हीसी, खनिज तेल आणि मिठापासून बनणारे प्लास्टिक. आज लाख जाते ती औषधी गोळ्यांच्या आणि फळांच्या लेपासाठी, पॉलिशसाठी, बांगड्यांसाठी. देशात झारखंड, छत्तीसगड पुढे आहेत. पळस गोंदियातही तितकाच आहे. कमतरता आहे ती वेळेवर मिळणाऱ्या बीजलाखेची आणि टिकणाऱ्या भावाची. एका हंगामात चढलेला भाव पुढच्या हंगामात कोसळला, तर झाडावर चढायला कोण तयार होईल?

घरात जुनी तबकडी असेल तर?

आधी ती लाखेची की व्हायनलची हे पाहा. जड, न वाकणारी, ‘७८’ लिहिलेली असेल तर बहुधा लाखेची. ती उभी ठेवावी. व्हायनलच्या सुईने वाजवू नये, तिची खाच रुंद असते. आणि स्पिरिटने तर मुळीच पुसू नये. सुतार पॉलिश करतो ते चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच. तबकडीचेही तेच होते.